पीएच.डी. चिपची, प्रश्न तापाचा

‘ताई, मी संगमेश्वर तालुक्यातली. लोणेऱ्याहून बी.टेक. केलं, पुण्यात एम.टेक. संपत आलंय. प्रबंध प्रोसेसरच्या ऊर्जावापरावर आहे. त्याच विषयात एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.साठी निवड झालीय. दुसरीकडे आमच्या जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा समुदाय वैद्यक विभाग मला दोन वर्षांच्या प्रकल्पावर घ्यायला तयार आहे. पावसाळी तापाच्या, मुख्यतः लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) नोंदींचं काम. माझी आई आशा सेविका आहे. तिला रजिस्टर वेगळं भरावं लागतं, अ‍ॅप वेगळं. रेंजसाठी ती वाडीच्या वरच्या सड्यावर जाते, आणि माहिती चढेपर्यंत मोबाईल उतरलेला असतो. परत येऊन बघते तर अर्ध्या नोंदी गेलेल्याच नसतात. बाबा म्हणतात पीएच.डी. कर. आई म्हणते तुझं तू बघ, पण तिचा कल कळतो. मला वाटतं, चिपची वीज वाचवून आमच्या गावाचं काय भलं होणार? आणि इकडे आले तर शिकलेलं वाया जाणार. दोन्ही एकत्र करू का, असं सरांना विचारलं, तर म्हणाले, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. पंधरा दिवसांत कळवायचंय.’
– एक वाचक, जि. रत्नागिरी

पीएच.डी. घे. तुझ्याकडे दिवस थोडे आहेत म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. पण संशोधनाचा प्रश्न तिथे गेल्यावर कुणी हातात ठेवेल याची वाट बघू नकोस. तो इथून घेऊन जा, आणि तो तुझ्या पत्रातच आहे. आई सड्यावर जाते, मोबाईल उतरतो, अर्ध्या नोंदी चढत नाहीत. प्रबंधाबद्दल तू एक वाक्य लिहिलंस आणि मोबाईलबद्दल तीन, यावरून मी काय ते ओळखलं.

‘चिपची वीज वाचवून गावाचं काय भलं’ हा तुझा सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर तुझ्याच विषयात आहे, फक्त ते त्या अंगाने शिकवत नाहीत. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतो, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी चिप जास्त तापत नाही, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलं. पुढची तीसेक वर्षं संगणकाचा सगळा धंदा या सोयीवर चालला. २००५च्या आसपास ती सोय संपली. व्होल्टेज आणखी उतरेना, विजेची गळती वाढली, चिपचा वेग तीन-चार गिगाहर्ट्झपाशी अडला. तेव्हापासून ‘किती वेगात’ याच्या जोडीला ‘किती ऊर्जेत’ हा प्रश्न आला आणि तुझा विषय शोभेचा राहिला नाही.

त्यातला एक हिशेब तुला पाठ असेलच. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपचे आकडे मांडले होते: ३२ बिटांची साधी बेरीज करायला सुमारे ०.१ पिकोज्यूल (ऊर्जेचं अगदी सूक्ष्म माप) लागतो, आणि तेवढाच आकडा चिपबाहेरच्या मेमरीतून आणायला ६४० पिकोज्यूल. म्हणजे आमटीत मीठ टाकायला एक चिमूट, पण ते चिमूटभर मीठ आणायला दर वेळी देवरुखहून रत्नागिरीची एसटी. ऊर्जा गणितात जात नाही, वाहतुकीत जाते. चिपच्या आत हे खरं आहे आणि आईच्या मोबाईलमध्ये त्याहून खरं आहे. रेंज कमकुवत असली की मोबाईल टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो. जोडणी तुटली की पुन्हा सुरू करतो, पुन्हा तुटते, पुन्हा लावतो. नोंद चार ओळींची असते. बॅटरी खाते ती त्या ओळी पोचवण्याची धडपड. अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या टेबलावर रेंजचे पाचही दांडे भरलेले असतात, त्यामुळे त्याला हे कधी दिसतच नाही.

आता हाच हिशेब यंत्राला लावून बघू. समज, एखाद्या उपकेंद्रात तू एक छोटं उपकरण ठेवलंस, आत २५०० मिलीअँपिअर-तासांचा एक सेल. उपकरण दर पंधरा मिनिटांनी पाच सेकंद जागं होतं आणि तेवढा वेळ १०० मिलीअँपिअर घेतं. एरवी झोपलेलं, तेव्हा ०.०५. सरासरी आली ०.६ मिलीअँपिअर. सेल साडेपाच महिने चालला पाहिजे. आगोटीला ठेवलंस तर दिवाळीपर्यंत बघायला नको. पण रेंज शोधण्यात तेच उपकरण पाच सेकंदांऐवजी मिनिटभर जागं राहिलं, तर सरासरी पावणेसातवर जाते आणि सेल पंधरवड्यात संपतो. चिप तीच, सेल तोच, बदलली ती फक्त ‘केव्हा जागं व्हायचं, काय पाठवायचं आणि रेंज नसेल तर कधी गप्प बसायचं’ याची अक्कल. ती अक्कल लिहिणं हाच ऊर्जाक्षम संगणनाचा गाभा आहे, आणि ती लिहिताना तुझ्या गावाची रेंज, तुझ्या गावाचा पाऊस हाताशी असेल तर पुण्यातल्या प्रयोगशाळेला मिळणार नाही अशी सामग्री तुझ्याकडे असेल. सौर पॅनेल लावू म्हणशील, तर जुलैत सूर्य किती दिवस दिसतो ते आईला विचार. इकडची यंत्रं वर्षाच्या सरासरी उन्हावर आखून चालत नाहीत, सर्वांत काळोख्या आठवड्यावर आखावी लागतात. शिवाय खारा वारा आणि दमट हवा. सर्किटवर हिरवी बुरशी चढते ती कुठल्या सिम्युलेशनमध्ये येत नाही.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले होते. अशा वेळी लसीच्या फ्रिजमधलं तापमान दोन ते आठ अंशांतच राहिलं का, हे कुणीतरी नोंदवत राहिलं पाहिजे, आणि ती नोंद विजेवाचून झाली पाहिजे. कमी ऊर्जेत चालणारं यंत्र म्हणजे इथे लाईट नसतानाही चालू असलेलं यंत्र. बिलातली बचत दुय्यम.

दुसरी बाजू मोठ्या संगणकांची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या जवळपास दीड टक्का. देशातल्या डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा जमाव मुंबई-नवी मुंबईत आहे, म्हणजे ऐरोली-महापे-पनवेल, म्हणजे कोकणच. आपल्या देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तुझ्याच जिल्ह्यात जयगडला १२०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे. त्याची वीज नेमकी कुठल्या सर्व्हरला जाते असं विचारण्यात अर्थ नाही, ग्रिडमध्ये सगळी वीज एकच होते. पण कोळसा जळतो, सूक्ष्म कण हवेत जातात, ते फुप्फुसात उतरतात, ही साखळी खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४च्या अखेरीस नेमकं हेच मोजायला घेतलं: कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जळणाऱ्या विजेमुळे अमेरिकेत दम्याचा आणि अकाली मृत्यूंचा बोजा किती वाढतो. म्हणजे ज्यांना तुझे सर दोन दगड म्हणतात, त्यांच्यावर आधीच एक साकव पडलाय. हा धागा तुला आवडला तर तोही पीएच.डी.चा विषय होतो. मला विचारशील तर तो तुझा नव्हे. त्याला हवेच्या प्रसाराची प्रतिमानं लागतात, आणि पत्रात तू हवेबद्दल अक्षर लिहिलेलं नाहीस.

आता तापाकडे येऊ. इथे तुला जरा दटावणार आहे.

संगणकातून आलेली मुलं सार्वजनिक आरोग्याकडे यंत्र हातात घेऊनच येतात. कुठे बसवू, एवढंच विचारतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण तुला माहीत असायला हवं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. त्यांनी काय केलं, तर खाटेशेजारी बसून प्रत्येक रुग्णाचं काय काय होतं ते तासातासाने लिहून काढलं. घाम, नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके. त्यावरचं टिपण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध विंचूदंशात वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपासवरून एका टक्क्याच्या घरात उतरलं. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर काय होतं, याची रीतसर चाचणीही त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर महाडातच केली. ती २०११ साली ‘बीएमजे’त छापून आली. यात भारी यंत्र कुठे दिसलं का तुला? आधी प्रश्न नीट दिसला, मग साधन शोधलं. कोकणात बसून जागतिक दर्जाचं संशोधन होत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला महाडचा पत्ता दे.

लेप्टोचंही तसंच बघ. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात, लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहिल्यावर पायांच्या भेगांतून आत शिरतात. सुरुवातीला साधा ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या कुणाच्या दुखत नाहीत? म्हणून माणूस चार दिवस अंगावर काढतो. रक्तातली प्रतिपिंडं दाखवणारी नेहमीची चाचणी पाच-सात दिवसांनंतरच भरवशाची होते, तोवर मूत्रपिंडांवर, यकृतावर परिणाम सुरू झालेला असू शकतो. अहवाल येतो तो वरातीमागून घोडं. मग औषध अहवालाची वाट न बघता, संशयावरून सुरू करावं लागतं, आणि संशय यायला गावात या आठवड्यात आणखी किती जणांना असाच ताप आहे हे कळावं लागतं. ती माहिती कुठल्याही सेन्सरकडे नसते. ती आईकडे असते. दक्षिणेला दोडामार्गात २०१६ साली माकडताप पसरला तेव्हाही तेच. जंगलात माकडं मरू लागली हा पहिला इशारा, आणि तो काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाला आधी कळतो. उपग्रहाला कळायला वेळ लागतो.

म्हणून संगणकावर ‘लेप्टो ओळखणारं मॉडेल’ बनवायला धावू नकोस. धावलीसच तर आधी हे गणित सोडव. समज, हजार तापकऱ्यांत वीस जणांना लेप्टो आहे आणि तुझं मॉडेल दोन्ही बाजूंनी, म्हणजे लेप्टो असला तरी आणि नसला तरी, पंचाण्णव टक्के बरोबर आहे. वीसपैकी एकोणीस सापडतील, छान. पण उरलेल्या ९८० जणांपैकी ४९ जणांनाही ते लेप्टो म्हणेल. म्हणजे ६८ घंटा वाजल्या, त्यांतल्या १९ खऱ्या. परिषदेत पंचाण्णव टक्के अचूकता म्हणून टाळ्या पडतील, आणि पावसात त्या ४९ घरांच्या पायऱ्या चढेल तुझी आई. तापात अशा खोट्या घंटा काही वेळा परवडतातही, कारण सुरुवातीचं औषध स्वस्त आहे आणि उशीर जिवावर बेततो. पण परवडतात की नाही हे ठरवायचं काम समुदाय वैद्यकातल्या माणसाचं, संगणकवाल्याचं नव्हे. त्या मॉडेलला सतत मोठा सर्व्हर लागत असेल तर नाकापेक्षा मोती जड. २०१९-२० पासून अमेरिकेतले काही संशोधक आग्रह धरतायत की शोधनिबंधात अचूकतेशेजारी खर्ची पडलेली गणनाही छापा. तू तर प्रत्येक उपयोगी नोंदीमागे किती ज्यूल लागले ते छाप. ‘उपयोगी’ म्हणजे काय, ते विभागातल्या डॉक्टरांना ठरवू दे.

आता तुझ्या सरांचं वाक्य. दोन दगडांवर पाय नको, हे अर्धं बरोबर आहे. पदवी एकाच घरची घ्यावी. ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणून थोडं हे, थोडं ते केलेला प्रबंध संगणकवाल्यांना पातळ वाटतो आणि डॉक्टरांना पोरकट. नंतर नोकरीच्या मुलाखतीत दोन्हीकडचे लोक तुला पलीकडच्या दारात पाठवतात. तुझं घर संगणकाचं. तिथली खोली गाठ: मेमरी, झोपेचं वेळापत्रक, आठ बिटांत बसवलेली छोटी मॉडेलं, जे काय असेल ते. मोजमापात कच्ची राहू नकोस. इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ पासून ऊर्जा मोजायची आतली सोय असते, तिच्यावर तुझा प्रबंध झाला असेल. छोट्या बोर्डांवर ती नसते, तिथे रोधक (रेझिस्टर) लावून विद्युतप्रवाह स्वतः मोजावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, आणि नेमकं त्यातच बरेच जण ढिले पडतात.

आरोग्याचं घर सहमार्गदर्शकाच्या रूपाने जोड. युजीसीच्या २०२२च्या नियमांत सहमार्गदर्शकाची सोय आहे. संस्था त्या नियमांखाली येत नसेल तर तिचे स्वतःचे नियम विचार. होणाऱ्या मार्गदर्शकाला या आठवड्यातच लिही. पानभर प्रस्ताव नको. एवढंच विचार: क्षीण रेंजच्या भागात आरोग्याच्या नोंदी कमीत कमी ऊर्जेत पोचवणं हा उपयोजनाचा भाग ठेवता येईल का, दर पावसाळ्यात काही आठवडे क्षेत्रात राहायची मुभा मिळेल का, आणि बाहेरचा सहमार्गदर्शक चालेल का. ते ‘नाही’ म्हणाले तरी, माणूस चांगला आणि त्यांचे विद्यार्थी वेळेत सुटत असतील, तर माझं मत बदलत नाही. चिपचं खोल शिक्षण घेऊन पाच वर्षांनी तापाकडे येता येतं. उलटी वाट अवघड आहे, सर्किटची सवय सुटली की सुटली.

एकच गोष्ट माझं उत्तर बदलेल. रात्री जागून वाचावंसं वाटतं ते जर रोग कसा पसरतो हेच असेल आणि चिप केवळ हाताला लागली म्हणून उचललेली असेल, तर दोन्ही सोड आणि रीतसर साथरोगशास्त्र शीक. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था आहे, मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे. पण तसं असतं तर पत्रात जंतू आले असते. तुझ्या पत्रात बॅटरी आली.

नैतिकता समितीचं आधीच लक्षात ठेव. लोकांच्या आजाराच्या नोंदींना हात लावायचा तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार. त्यात महिने जातात, आणि मृग काही थांबत नाही. पहिल्याच वर्षी अर्ज घालायला हवा. आईच्या मोबाईलमधल्या नोंदी ‘नमुना म्हणून’ उचलून बघायचा मोह होईल, तो आवर. त्या तिच्याही नाहीत, वाडीतल्या लोकांच्या आहेत. बॅटरी किती उतरते, अ‍ॅप किती वेळा धडपडतं, हे मात्र कुणाच्याही आजाराला हात न लावता मोजता येतं. सुरुवात तिथून कर.

बाबांना एवढं सांग की पहिली दोन वर्षं साधारण ३७ हजार रुपये महिना शिष्यवृत्ती असते, नंतर ४२. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागावे लागणार नाहीत. आईला काही समजावत बसू नकोस. तिच्या कामाचाच अभ्यास होतोय हे तिला आपसूक कळेल, आणि तुझं अ‍ॅप तिला पसंत पडलं नाही तर तेही ती तोंडावर सांगेल.

राहिला तो प्रकल्प. सहा महिने करून जानेवारीत पीएच.डी.ला पळावं, असा विचार डोक्यात येईल. नको. दोन वर्षांचं माणूस म्हणून घेतलेली मुलगी ऐन हंगामात सोडून गेली तर त्यांचा एक पावसाळा बुडतो. सरळ नकार दे, आणि तो ईमेलवर नको, विभागप्रमुखांना भेटून दे. का नाही येत, पुढे काय करणार आहेस आणि त्यांच्याशिवाय ते होणार नाही, हे सगळं सांग. पुढच्या वर्षी सहमार्गदर्शक होता का म्हणून त्यांच्याच दारात तुला उभं राहायचंय.